चार मैत्रिणी, आठ कान: जुन्या मैत्रीसाठी व्हॉट्सअ‍ॅप कितपत भरवशाचं?

हे परीक्षण व्हॉट्सअ‍ॅपचं आहे, पण एकाच कामापुरतं. पंधरा-वीस वर्षं एकमेकींना आतून-बाहेरून ओळखणाऱ्या तीन-चार जणींची मैत्री या अ‍ॅपवर कशी राहते, एवढंच यात तपासलं आहे. अशा मैत्रीत दोन गोष्टी असतातच, फक्त त्यांचं नाव कुणी घेत नाही. एक म्हणजे सगळ्यांना न सांगितलेली गुपितं, आणि दुसरी एकमेकींबद्दलची असूया. पूर्वी या दोन्ही नजरेत आणि आवाजात कळायच्या. आता त्या टिक, वेळ आणि नावांची यादी होऊन समोर येतात.

निकाल आधीच सांगते. परक्यापासून गुपित राखायला हे अ‍ॅप फार चांगलं आहे. मैत्रिणीच्या हातून निसटणारं गुपित राखायला कच्चं आहे. आणि सेटिंग्ज मुळात येतात तशीच ठेवली, तर असूया चाळवायला नको इतकं तयार आहे. हा शेवटचा दोष दहा मिनिटांत बराचसा कमी करता येतो. मधला मात्र अ‍ॅपच्या आवाक्यातला नाही, तो माणसांनीच सांभाळावा लागतो.

गुपित फुटतं ते टोकाला

एप्रिल 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. म्हणजे पाठवणारीच्या फोनमधून निघालेला मजकूर वाटेत कुणालाच, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाही. ही व्यवस्था खरोखर मजबूत आहे. पण मैत्रीतलं गुपित वाटेत अडवून कुणी वाचत बसत नाही. ते दोन्ही टोकांना, फोनच्या पडद्यावर फुटतं.

सहा कानांवर गेलेली गोष्ट षट्कर्णी झाली असं आपण म्हणतो. चौघींच्या ग्रुपला आठ कान असतात, आणि पडदे त्याहून जास्त. एका खात्याला मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. चौघींनी तेवढी जोडली तर एकच वाक्य वीस पडद्यांवर उमटू शकतं. घरातला सगळ्यांचा लॅपटॉप, ऑफिसातला संगणक, मुलांच्या हातातला टॅब यांपैकी कुठे कुणाचं खातं उघडं राहिलंय, हे बाकीच्या तिघींना कळायला काहीच मार्ग नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. तिथे प्रत्येक उपकरणापुढे शेवटच्या वापराची वेळ असते. ओळखीचं नसेल किंवा आता वापरात नसेल त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा. महिन्यातून एकदा, चौघींनीही. तिघींनी केलं आणि चौथीनं नाही, तर उपयोग शून्य.

दुसरी फट बॅकअपची. चॅटचा बॅकअप गूगल खात्यात किंवा आयक्लाउडवर जातो, आणि त्याला ते एन्क्रिप्शन आपोआप मिळेल असं धरून चालू नका. 2021 पासून त्यासाठी स्वतंत्र सोय आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. त्याला पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली निवडता येते. ती हरवली तर बॅकअप कुणीही उघडून देऊ शकत नाही, तेव्हा ती कागदावर लिहून जपून ठेवा. इथली खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी तुमचं गुपित तिच्या बॅकअपमध्ये असतं, आणि तिच्या सेटिंग्जवर तुमचा हात चालत नाही.

बाकीच्या फटी लहान आहेत, पण बहुतेक वेळा घात त्याच करतात. अँड्रॉइडवर आलेले फोटो थेट गॅलरीत जाऊन बसतात, आणि दुसऱ्याच कुणाला भलतंच काही दाखवताना समोर येतात. त्या चॅटपुरती ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. लॉक पडद्यावर नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसू देऊ नका. साध्या चॅटचा स्क्रीनशॉट घेतला गेला तर पाठवणारीला काहीही कळत नाही. अख्खी चॅट फाइल म्हणून बाहेर काढता येते. 2025 मध्ये आलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ ही सोय ती फाइल काढणं आणि फोटो आपोआप उतरणं अडवते, म्हणून ग्रुपला ती लावून ठेवावी. स्क्रीनशॉट मात्र तीही थांबवत नाही.

नाहीसे होणारे मेसेज आणि कुलूपबंद चॅट

‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ला 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी मुदत लावता येते. मुदत लावल्यानंतरच्याच मेसेजना ती लागू होते. आधीचं सगळं जागच्या जागी राहतं, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेक जणी निर्धास्त होतात. आणखी तीन ठिकाणी ती गळते. मेसेज उद्धृत करून उत्तर दिलं तर उद्धृत भाग मुदतीनंतरही राहू शकतो. मुदत नसलेल्या दुसऱ्या चॅटमध्ये फॉरवर्ड केलेली प्रत टिकते. आणि 2023 पासून वाचणारी ‘कीप’ करून मेसेज राखून ठेवू शकते. या तिसऱ्या बाबतीत पाठवणारीला सूचना येते आणि तिला नकार देता येतो, ही व्यवस्था मला मनापासून आवडली. गुपितावर पहिला हक्क सांगणारीचा, हे त्यात मान्य केलं आहे.

‘व्ह्यू वन्स’ फोटो एकदा उघडला की जातो, उघडलाच नाही तर 14 दिवसांनी बाद होतो. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. दुसऱ्या फोननं पडद्याचाच फोटो काढला तर उपाय नाही. तपासण्यांचे कागद, कुणाचं पत्र, अशा गोष्टींना ही सोय पुरेशी आहे. पण दर फोटोला ती नव्यानं निवडावी लागते, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

‘चॅट लॉक’ 2023 च्या मे महिन्यात आलं. चॅटच्या माहितीत जाऊन ते लावलं की ती चॅट वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि बोटाच्या ठशाशिवाय, चेहऱ्याशिवाय किंवा पासकोडशिवाय उघडत नाही. वर ‘सीक्रेट कोड’ ठेवला तर फोल्डरही यादीतून दिसेनासं होतं. सर्च पट्टीत कोड टाकल्यावरच ते येतं. घरच्या माणसांपासून मैत्रिणीचं गुपित राखायला या अ‍ॅपमधली सगळ्यात कामाची सोय हीच. कॉल मात्र लपत नाहीत, नावासकट वाजतात.

इतकं करूनही माझं मत असं, की जे फुटलं तर मैत्री मोडेल ते लिहू नये, फोनवर बोलावं. मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये गुपितांवरचं जे संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात असं दिसलं की गुपिताचा त्रास कुणासमोर ते लपवताना होतो त्याहून, एकटं असताना मन पुन्हा पुन्हा तिकडे जातं त्यातून जास्त होतो. म्हणजे सांगण्याची गरज खरी आहे, ती दाबू नये. पण सांगताना हद्दही सांगावी. ‘कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य जुन्या मैत्रिणींत फारच ढिलं पडतं. ‘कुणाला’मध्ये चौथी येते की नाही, हे प्रत्येकीनं आपल्या मनाशी ठरवलेलं असतं. बरीचशी गुपितं विश्वासघातानं फुटत नाहीत, ‘तिला तर माहीतच असणार’ या समजुतीनं फुटतात. त्यापेक्षा सरळ म्हणावं, ‘हे तुझ्या-माझ्यात राहू दे,’ किंवा ‘हे तिला ठाऊक आहे, तिच्याशी बोललीस तरी चालेल, हिला मात्र मी स्वतः सांगणार आहे.’ सगळ्यात शेवटी कळलेल्या मैत्रिणीला बातमीचं दुःख कमी असतं. आपला नंबर शेवटचा लागला, हे तिच्या मनात सलतं.

तिच्याशिवायचा ग्रुप

या अ‍ॅपवर जुन्या मैत्रीचं सर्वांत जास्त नुकसान कशानं होत असेल, तर चौघींपैकी तिघींच्या ग्रुपनं. त्याची सुरुवात जवळजवळ नेहमी चांगल्या हेतूनं होते. एकीचा वाढदिवस असतो, भेटवस्तू ठरवायची असते. किंवा एकीच्या घरी कठीण प्रसंग असतो आणि तिला त्रास न देता मदत जमवायची असते. काम होतं, ग्रुप राहतो. मग कधीतरी तिथे एक विनोद पडतो, मग एक तक्रार, आणि सहा महिन्यांत खरं बोलणं तिथे आणि औपचारिक बोलणं मूळ ग्रुपमध्ये अशी वाटणी होऊन बसते. चौथीला ग्रुप दिसत नाही, कारण संपर्काच्या माहितीत फक्त दोघींचे सामाईक ग्रुप दिसतात. तिला दिसतं ते मूळ ग्रुपचं ओस पडणं. आणि ते तिला फार लवकर जाणवतं.

जेमी क्रेम्स आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मैत्रीतल्या मत्सरावर संशोधन प्रसिद्ध केलं. मैत्रीण आपल्याला किती वेळ देते यापेक्षा, आपली जागा दुसरी कुणी घेईल का, या भीतीला हा मत्सर जास्त जागतो, असं त्यातून दिसलं. म्हणून मैत्रीण नोकरीत बुडाली तर आपण समजून घेतो, आणि ती दुसऱ्या मैत्रिणीबरोबर तासभर बोलली तर मनाला लागतं. तिच्याशिवायचा ग्रुप नेमका याच जागी बोट ठेवतो. ती या बाबतीत हळवी आहे असं म्हणून विषय झटकून टाकू नये. तिची जागा खरोखरच हलत असते.

असा ग्रुप करायचाच असेल तर त्याला अंत ठेवून करा. नावात काम आणि तारीख लिहा. 7 दिवसांची मुदत लावा. ग्रुपचा फोटो मूळ ग्रुपपेक्षा अगदी वेगळा ठेवा, कारण चुकीच्या खिडकीत मेसेज पडण्याचं मुख्य कारण सारखे दिसणारे दोन ग्रुप एकाखाली एक असणं हेच आहे. काम झालं की अ‍ॅडमिननं आधी बाकीच्यांना एकेक करून काढावं, मग स्वतः बाहेर पडून ग्रुप डिलीट करावा. नुसतं बाहेर पडलं तर ग्रुप मरत नाही. एकटी अ‍ॅडमिन गेली तर उरलेल्यांपैकी कुणीतरी आपोआप अ‍ॅडमिन होते आणि गाडा चालू राहतो.

तरीही मेसेज चुकीच्या ग्रुपमध्ये गेलाच तर? त्यावर बोट दाबून धरा, डिलीट, आणि मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. घाबरलेलं बोट बहुधा ‘डिलीट फॉर मी’वर पडतं. म्हणजे तो तुम्हाला दिसेनासा होतो आणि तिला दिसत राहतो. तेव्हा खाली ‘अनडू’ येतं, ते फक्त 5 सेकंद असतं. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी असला, तरी मागे ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते. शिवाय अँड्रॉइड 11 पासून फोनमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी आहे. ती चालू असेल तर गेल्या 24 तासांतल्या सूचना, पुसलेल्या मेसेजच्या मजकुरासह, तिथे सापडू शकतात. दुसरी वाट म्हणजे 15 मिनिटांच्या आत मेसेज एडिट करणं. समोर फक्त ‘एडिटेड’ असा शिक्का दिसतो, जुना मजकूर दिसत नाही. कुणाबद्दल लिहिलेल्या वाक्याला ही वाट वापरू नये. तिनं आधी वाचलं असेल तर एका चुकीवर मुद्दाम केलेलं खोटं चढतं. पुसावं, आणि त्याच तासात तिला फोन करून काय लिहिलं होतं ते एका वाक्यात सांगावं. त्या रिकाम्या ओळीत तिचं मन जे भरेल ते बहुतेक वेळा मूळ वाक्याहून वाईट असतं.

टिक, लास्ट सीन आणि वाचूनही गप्प राहणं

निळी टिक नोव्हेंबर 2014 मध्ये आली. ग्रुपमध्ये ती सगळ्यांनी वाचल्यावरच निळी होते. पण आपल्या मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ उघडलं की कुणी किती वाजता वाचलं, ते नावानिशी दिसतं. आपल्या बातमीवर कोण वाचून गप्प बसलं, हे पाहायची ही जागा. असूयेला यापेक्षा वाईट खतपाणी नाही. प्रायव्हसीमध्ये जाऊन ‘रीड रिसीट्स’ बंद करता येतात, पण ते एकेकीच्या चॅटपुरतं. ग्रुपच्या टिक आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण बंद होत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ही सोय ग्रुपलाही द्यायला हवी होती. मोठ्या कामाच्या ग्रुपात वाचल्याची नोंद लागत असेल, चार मैत्रिणींत ती फक्त टोचते.

लास्ट सीन आणि ऑनलाइन दिसणं, दोन्ही झाकता येतं. आपण लास्ट सीन झाकला की दुसरीचाही आपल्याला दिसत नाही. ही अट मला या अ‍ॅपमधली सगळ्यात शहाणी अट वाटते. ‘रात्री साडेअकराला ऑनलाइन होती, मग मला उत्तर का नाही’ या फेऱ्यात जी अडकते तिनं स्वतःचा लास्ट सीन झाकावा. मोह आवरायची गरजच उरत नाही.

स्टेटस 24 तास राहतं आणि कुणी पाहिलं याची यादी मिळते. ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून एखादीला वगळता येतं. तिला त्याची सूचना जात नाही, पण बाकीच्या दोघींनी पाहिलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी बोलण्यात येतंच. शिवाय बदललेलं सेटिंग पुढच्या स्टेटसना लागू होतं, आधी टाकलेल्याला नाही. तिघीच भेटला असाल तर वगळण्यापेक्षा फोटो टाकण्याआधी चौथीला दोन ओळी लिहिणं बरं.

आनंदाची बातमी कुठल्या क्रमानं

मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी 1980 च्या दशकात मांडलेला एक सिद्धांत इथे थेट कामी येतो. जवळच्या माणसाचं यश आपल्याला दोन प्रकारे भिडतं. ज्या क्षेत्राशी आपली स्वतःची ओळख बांधलेली नाही तिथे तिच्या यशानं आपलीही मान उंचावते. जे क्षेत्र आपल्याला स्वतःला महत्त्वाचं आहे तिथे तेच यश बोचतं, आणि नातं जितकं जवळचं तितकं जास्त बोचतं. म्हणजे बढतीची बातमी त्याच पेशातल्या मैत्रिणीला लागते, चित्रं काढणारीला नाही. ती मनानं वाईट असल्याची ही खूण नव्हे.

ग्रुपची रचना हा फरक ओळखत नाही. एक बातमी, एकाच क्षणी, चौघींना, आणि प्रतिक्रिया सगळ्यांसमोर. जिला ती बोचेल तिलाही दोन मिनिटांत नाचरी चिन्हं टाकावी लागतात. म्हणून क्रम बदला. जिचं क्षेत्र तेच आहे, किंवा जी त्याच गोष्टीची बरीच वर्षं वाट पाहते आहे, तिला आधी एकटीला सांगा. गर्भारपणाची बातमी असेल तर हे पाळाच. अशा बातमीला लेखी निरोप फोनपेक्षा बरा, कारण फोनवर तिला त्याच श्वासात आनंद दाखवावा लागतो. ‘सगळ्यांना सांगण्याआधी तुला सांगते आहे, उत्तराची घाई नाही’ एवढं पुरतं. मग निदान अर्धा दिवस जाऊ द्या. ग्रुपमध्ये बातमी दोन ओळींत लिहा, आणि कोण अजून बोललं नाही हे ‘इन्फो’त पाहायला जाऊ नका.

ऐकणाऱ्या बाजूनंही एक करता येतं. लगेच एक रिअ‍ॅक्शन द्या, शब्द संध्याकाळी लिहा. रिअ‍ॅक्शननं पाहिल्याची पोच मिळते, आणि तोवर तुमचा पहिला कडवटपणा ओसरलेला असतो. ज्यांची मैत्री खोल आहे त्या दोघींत ‘मला आनंद झाला आणि थोडं लागलंही’ हे वाक्यही चालतं. ते ग्रुपमध्ये लिहू नये, एकटीला लिहावं.

बाहेर पडायचं असेल तर

ऑगस्ट 2022 पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. मोठ्या ग्रुपात हे ठीक. चौघींच्या ग्रुपात आकडा तीनवर आला की कळतंच, आणि गेलेल्या सदस्यांची यादी 60 दिवस कुणालाही पाहता येते. रुसवा असेल, थकवा असेल, तर सोडण्याऐवजी ‘म्यूट’ कायमचं करून ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी तो तिथेच राहतो. सूचना येते ती फक्त तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर. आणि तिघींपैकी एकीला तरी सांगा की काही दिवस शांत राहणार आहे. न सांगता गप्प झालेल्या मैत्रिणीबद्दल तिच्याशिवायचा नवा ग्रुप निघायला एक संध्याकाळ पुरते.

सेटिंग्ज बदलायला घेताना एक लक्षात ठेवा. ग्रुपमध्ये मुदत लावली की ‘अमुकीनं टायमर बदलला’ अशी ओळ सगळ्यांना दिसते. कारण न सांगता ती ओळ दिसली, तर काय लपवायचं आहे हा प्रश्न लगेच उभा राहतो. आधी ग्रुपमध्येच लिहा, मग टायमर लावा. लिंक्ड डिव्हायसेस आणि बॅकअप चौघींनी एकत्र बसून, एकमेकींसमोर तपासावेत. वीस मिनिटं लागतात, आणि एकीच्या तरी फोनमध्ये विसरलेला एखादा लॅपटॉप निघतोच.